चार मिनिटं प्रेस बंद

सतरा वर्षं मी लोकांचे आवाज फितीवर भरले. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तळमजल्यावर, गाळा नंबर पाच. चार नंबरमध्ये पापडांचं पॅकिंग चालायचं, सहा नंबरमध्ये पॉवर प्रेस धडधडायची, आणि मधोमध आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. आमच्या शेटना कुणीतरी सांगितलं असावं, की धंदा आवाजाचा आहे तर जागाही आवाजातच घ्या.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्यातून वायसर कापणारं मशीन. लोखंडी ठोकळा वरून खाली येतो, धाड्, एक वायसर. दर ठोक्याला माझा चहाचा कप टेबलावरून एक सूत सरकायचा. सकाळी डाव्या टोकाला ठेवलेला कप जेवणाच्या सुट्टीपर्यंत उजव्या टोकाला येऊन उडी मारायच्या बेतात असे. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. ती त्या गाळ्यात एकदाही आलेली नाही, त्यामुळे तिच्या मताला किंमत देऊ नये.

आमचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. काचेच्या पलीकडे गाणारा गातो, अलीकडे मी बटणं फिरवतो. पण ते अर्धंच. खरं काम गाणारा घरी गेल्यावर. फितीवरचं नको ते काढायचं. खोकला, खुर्चीची करकर, पेटीच्या भात्याचा सुस्कारा. दाढीच्या ब्लेडने फीत कापायची, तो तुकडा केराच्या डब्यात, आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने अशी जोडायची की ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागू नये. ह्यात माझा हात धरणारा तेव्हा उपनगरांत कुणी नव्हता. एका भजनीबुवांच्या एकाच अभंगातून मी सत्तावीस शिंका काढल्या. कॅसेट ऐकून बुवांनी सर्दीचं औषध बंद केलं, बरा झालो म्हणाले.

मुलुंडचे एक गृहस्थ आले होते, स्वतःची झोप रेकॉर्ड करायला. बायको म्हणते घोरता, हे म्हणतात नाही, म्हणून पुरावा पाहिजे. उशी घेऊनच आले. भर दुपारी चार तास माइकसमोर झोपले. फीत लावली तर घोरणं अगदी दणदणीत, पण गृहस्थांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हा आवाज काचेच्या त्या बाजूने येतोय." तो माझा होता. त्यांनी तीच कॅसेट आनंदाने घरी नेली आणि बायकोला दाखवली, की बघ, घोरणं कशाला म्हणतात.

असो. सांगायचंय ते सहा नंबरबद्दल.

सहा नंबरचे मालक धुरीकाका. मूळचे मालवणकडचे, साठी उलटलेले, अंगात कायम खाकी अर्धी चड्डी आणि कानावर पेन्सिल. दोन कामगार होते, पण मुख्य प्रेसवर कुणाला बसू देत नसत. स्टुडिओ सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तह असा ठरला, की रेकॉर्डिंग असेल तेव्हा मी दारावर लाल कापड लावायचं आणि काकांनी प्रेस बंद करायची. चार मिनिटं. एक सेकंद जास्त नाही.

कापड मुहूर्ताच्या नारळाबरोबर आलेला लाल ब्लाउजपीस. तो दाराला लागला की पॅसेजमधून आरोळी यायची, "लागलो रे ब्लाउजपीस! बंद करा!" आणि सगळ्या इस्टेटीवर शांतता पसरायची. चार मिनिटं झाली की धाड्. मग गाणारा मुखड्यावर असो, नाहीतर समेला एक मात्रा कमी असो. आमच्या स्टुडिओतून निघालेलं एकही गाणं चार मिनिटांहून लांब नाही, ह्याचं कारण कलेत शोधू नका.

आणि त्या चार मिनिटांत काकांना दुसरं काम काय? भिंतीला कान लावून ऐकायचे. लाल कापड उतरलं की दारात हजर.

"मेल्या, तुझो तो बुवा दुसऱ्या कडव्यात घसरता."

"काका, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलां नाय कळत. पण ठोको चुकलेलो कळता. तीस वर्सां प्रेसवर बोटां वाचवलंय, ती काय उगाच?"

त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. प्रेसवाल्यांत ही पदवीच समजतात.

तर एके दिवशी आमच्याकडे 'मेन स्विच' आला. हे बँडचं नाव. चौघं जण. मिलिंद, कांजूरमार्गचा, टेलिफोनच्या खांबांवर चढणारा लाइनमन. हा गिटार वाजवायचा. ग्लेंडा, मालाडची, शाळेत गणित शिकवायची; तिच्याकडे बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची, जी कानांपेक्षा पोटाला जास्त ऐकू येते. बॉनी, आमच्या अंधेरीचाच. देखणा, गाणारा तो. आणि त्याचा एक मावसभाऊ ड्रमवर.

मी विचारलं, "कसलं संगीत? भावगीत, भक्तिगीत, कोळीगीत?"

"पोस्ट-पंक," ग्लेंडा म्हणाली.

"म्हणजे?"

"वाजवता येत नाही तरी वाजवायचं, ते पंक. वाजवता येत नाही ह्याचं वाईट वाटायला लागलं, की पोस्ट-पंक."

इतकी सोपी व्याख्या मला आजवर कुठल्याच संगीताची मिळालेली नाही. ऐकायला म्हणाल तर बेस एकच वाक्य पुन्हापुन्हा बजावतो, गिटार पत्र्यावर नख ओढल्यासारखी, आणि गाणारा घरभाड्याची नोटीस आल्यासारखा. पहिलं गाणं झालं आणि काका दारात आले.

"ह्यां गाणां काय भांडाण?"

"गाणं आहे, काका," मिलिंद म्हणाला.

"मग माजी प्रेस कित्याक बंद केलात? चालू ठेवतंय. ताल तरी मिळात."

मी हसलो. मिलिंद हसला नाही. त्याने खरंच विचारलं, "चालू ठेवाल?" काकांनी कानावरची पेन्सिल काढून परत खोवली. तेव्हापासून तो पोरगा त्यांचा लाडका झाला. मेन स्विच यायच्या दिवशी काका चहा आपल्या गाळ्यातून पाठवायचे. मला त्यांनी कधी रिकामा कपसुद्धा पाठवला नाही.

दोन गाणी झाली आणि बँड फुटला. विमानतळाजवळच्या एका बड्या हॉटेलात बॉनीला गायचं काम लागलं. पांढरा कोट, रोज संध्याकाळी जेवणाऱ्यांसमोर गोड गाणी. मावसभाऊही गेला. शेवटचं भांडण माझ्यासमोरच झालं, आणि तेव्हा मी मुद्दाम वायर गुंडाळायला अर्धा तास लावला.

"बँडचं नाव मी घेऊन जाणार," बॉनी म्हणाला. "हॉटेलवाले बोर्ड रंगवून मागतायत. मेन स्विच. झकास दिसेल."

"नाव मी ठेवलंय," मिलिंद म्हणाला. "खांबावर चढल्यावर सुचलेलं."

"पण लोक मला ओळखतात ना यार! तू गाणार आहेस? तू? तुझा आवाज म्हणजे लाइन टेस्टिंग. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?"

"ऐकू आलं म्हणजे झालं," ग्लेंडा म्हणाली.

"ओके. पंधरा दिवस. माझ्याशिवाय एक अख्खी कॅसेट भरून दाखवा. पंधराव्या दिवशी पाच वाजता मी इथे येऊन ऐकणार. झाली असेल तर नाव तुमचं. नाहीतर बोर्ड रंगला."

मिलिंदने हात पुढे केला, बॉनीने टाळी दिली. मिलिंदचं तोंड मात्र उंच खांबावर शिडी निसटलेल्या माणसासारखं झालं होतं. त्या पोराने सगळी रजा ह्या कॅसेटवर लावली होती.

मिलिंदला गाता येत नव्हतं, हा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. त्याला म्हटलं, गाऊ नकोस, खांबावरून खालच्याला सांगतोस तसं बोल. त्याने शब्द मराठीत केले आणि सरळ सपाट सुरात बोलत गेला. "हॅलो. ह्या लाइनवर कुणी नाही. मी वरून बोलतोय."  ग्लेंडा म्हणाली, हेच.

ड्रमर मिळेना. शेवटी वेसाव्याहून हिराजीला आणलं. हळदी-वरातींच्या बँडमधला नावाजलेला माणूस. काळाकभिन्न, दरवाजाएवढा, गळ्यात साइड ड्रम. हातांत असा दम, की त्याने एका लग्नात काठी मारली आणि मंडपाचा बल्ब फुटला, असं तो स्वतः सांगतो. मी म्हणतो तीन फुटले असतील.

त्याला ड्रमच्या मागे स्टुलावर बसवलं. आणि वाट लागली. ताल कधी पुढे, कधी मागे, मध्येच गायब. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. ब्लाउजपीस लावून काढून त्याचा रंग उडाला. काका वैतागून आले.

"कोण तो? खडीची पाटी टाकता की ड्रम वाजयता?"

हिराजी घामाघूम झाला होता. खाली मान घालून म्हणाला, "मना बसून नाय जमत, काका. बसून जेवतान. वाजवताना चालाचा."

वीस वर्षं तो माणूस नवरदेवाच्या पुढे चालत वाजवत आला होता. ताल त्याच्या हातांत नव्हताच, पायांत होता. पाय बांधून ठेवले की हात आंधळे.

"मग चाल की," काका म्हणाले. "पॅसेज काय माज्या बापाचो?"

दहा गाळ्यांसमोरून जाणारा लांबलचक पॅसेज. मी एक माइक ह्या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ लावला. वरून दोरी ताणून तिच्यावर पडद्याच्या कड्या चढवल्या आणि कड्यांतून हेडफोनची वायर सोडली. हिराजी चालेल तशी कडी मागून सरकायची. वरातीची चाल मुळातच मुंगीची. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला बरोबर एक गाणं लागायचं. मिलिंद, ग्लेंडा स्टुडिओचं दार सताड उघडं टाकून आत वाजवू लागले आणि पहिली तालीम म्हणून हा गळ्यात ड्रम अडकवून निघाला.

काय सांगू! ड्रम लांबून येतोय, येतोय, छातीवर चढतोय, आणि पुढे निघून जातोय. पापडवाल्या बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. धुरीकाकांनी घड्याळ बघितलं नाही. मी स्वतः बघितलं, पावणेपाच मिनिटं प्रेस बंद होती.

"ह्यो माणूस माज्या प्रेससारखो," काका म्हणाले. "थांबवलो तरच थांबतलो." आणि हिराजीला त्यांनी आपल्या स्टुलावर बसवून चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सहा नंबरचं शटर उघडलं नाही. सकाळी कामगार येऊन सांगून गेला. काका रात्री झोपेतच गेले.

आता खरं सांगायची वेळ आली आहे, आणि माझ्यासारख्याला ते जड जातं. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की शटर तेराव्यापर्यंत बंद. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला सबंध दिवसच्या दिवस शांतता मिळणार. मिलिंद आणि ग्लेंडा काकांच्या घरी जाऊन आले. मी गेलो नाही. स्टुडिओ बुक आहे म्हणालो. मी स्वतःच बुक केला होता.

पुढचे सात दिवस रोज एक गाणं. ब्लाउजपीस खुंटीला, काचेमागे मी, दाराकडे माझी पाठ. काम असं सरसर चाललं की बोलायची सोय नाही. फक्त एक खोट. प्रत्येक गाण्यात, साधारण मधोमध, हिराजीचा ड्रम गपकन बंद पडायचा. आठ पावलं नुसती पायांची चाहूल, मिलिंदचा आवाजही बंद, फक्त बेस आणि गिटार हलक्या हाताने. मग ड्रम पुन्हा सुरू. मला वाटलं, हिराजी तंबाखू मळतोय आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतायत. तीन दिवस वाया गेलेले, पोरं घाबरलेली. म्हटलं, बोलून कशाला दुखवा? आपण कशासाठी आहोत?

चौदाव्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं आणि ब्लेड काढलं. सातही गाण्यांतली ती भोकं मी कापून टाकली. सात-सात हात लांबीचे सात तुकडे केराच्या डब्यात. जोड असे, की देवाला कळले नसते. ड्रम सलग, गाणी भरीव. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

पंधराव्या दिवशी सकाळी दहाला तिघांना बसवून फीत लावली. पहिलं गाणं संपलं. तिघं एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, भारावले.

"कुठे गेलं?" ग्लेंडाने विचारलं.

"काय?"

"मधलं."

"काढलं! सगळी भोकं काढली. हिराजी, तू काळजी करू नको, असं होतं माणसाकडून."

हिराजी उठून उभा राहिला. मला वाटलं मारतो. पण तो हळूच म्हणाला, "दादा, तिथं मानूस गेलाय. त्याच्या दारावरशी वाजवत जाचा नाय. वरात असो, काय असो. दार सरला की मग वाजवाचा."

मी मिलिंदकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"दार उघडंच होतं ना, दादा. आम्हाला दिसत होतं. पहिल्या दिवशी तो थांबला, आम्हीपण थांबलो." मग तो म्हणाला, "तुमची पाठ होती."

मी पॅसेजमध्ये गेलो. सहा नंबरच्या शटरला सुकलेला हार होता. एका कडेपासून चाललो आणि पावलं मोजली. आठ.

ज्या माणसाने माझ्यासाठी हजारो वेळा चालती प्रेस थांबवली, त्याच्यासाठी कुणीतरी आठ पावलं थांबलं होतं, आणि ती मी कापून केरात टाकली होती. मूळ फीत एकच, दुसरी प्रत नाही. पाच वाजता बॉनी येणार. आत मिलिंद दोन्ही हात डोक्याला लावून बसला होता. नाव गेलं तरी चालेल, पण अशी कॅसेट मी देणार नाही, एवढंच तो म्हणाला.

मग केराचा डबा उपडा केला. पापडाचे चुरे, विड्यांची थोटकं, आणि त्यात शेवयांसारखी गुंतलेली फीत. सहा तुकडे निघाले. सातवा नाही.

"अरे, चमकणारी पट्टी होती ती?" इस्टेटीचा वॉचमन दारातून म्हणाला. "ती मी सकाळी पपईला बांधली ना. कावळे येतात."

पाण्याच्या टाकीमागे त्याने पपईचं झाड लावलं होतं. आमची सातवी शांतता त्यावर फडफडत होती आणि तिच्यावर दोन कावळे बसले होते. एकाला मी स्वतः विनंती करून उठवला. दुसरा हिराजीकडे बघून आपणहून गेला.

आता खरी मेख. सात तुकडे, सगळे तपकिरी, सगळे सारखे. कुठला कुठल्या गाण्याचा? मिलिंदची गिटार म्हणाल तर त्या जागी तो सातही गाण्यांत एकच तार छेडत होता आणि ग्लेंडा एकच सूर. तुकडे एकेक करून मशीनवर लावले. नुसती पावलं. आमची तोंडं पडली.

आणि मग ग्लेंडा म्हणाली, "थांबा. हे बूट आहेत."

"मग?"

"पहिल्या दिवशी हिराजी बँडचे बूट घालून आला होता. दुसऱ्या दिवशीही. पण दुसऱ्या दिवशी डाव्याचा तळवा सुटला होता. ऐका, फट्. हा दुसऱ्या गाण्याचा!"

गणिताची मास्तरीण काय चीज असते ते मी त्या दिवशी पाहिलं. वहीच काढून बसली. तिसऱ्या दिवशी स्लिपर, चट-चट. चौथ्या दिवशी स्लिपरचा अंगठा तुटलेला, चट-घस, चट-घस.

"पाचव्या दिवशी काय होतं पायात, हिराजी?"

"काय नव्हता. होडीवरशी सरल आलू."

अनवाणी तुकडा निघाला. फरशीवर ओल्या पायांचा पचपच आवाज. सहाव्या दिवशी तो मेव्हण्याच्या चपला घालून आला होता, दोन नंबर मोठ्या. त्यामुळे हिराजी एक पाऊल टाकायचा आणि चपला दोन. उरलेला पपईचा, तो सातव्या गाण्याचा. मी ब्लेड घेतलं, माझेच जोड उकलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा काढलेलं परत घालायला बसलो. पहिला जोड दोनदा उकलून पुन्हा मारावा लागला. वयामुळे नव्हे, तेव्हा मी छत्तीसचा होतो.

शेवटचा जोड मारला तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. दारात बॉनी. हॉटेलचा पांढरा कोट अंगात, हातात बोर्डाच्या अक्षरांचा नमुनासुद्धा.

"झाली?" त्याने विचारलं.

"ऐक," मिलिंद म्हणाला.

पहिल्या गाण्यात ड्रम थांबला तेव्हा बॉनी हसला. "तुमचा ड्रमर झोपला काय?"  दुसऱ्या गाण्यात ड्रम थांबला तेव्हा त्याने भुवया उंचावल्या. तिसऱ्याला तो भिंतीकडे पाहू लागला, सहा नंबरच्या.

"प्रेस नाही चालू आज?" त्याने विचारलं. "म्हातारा कुठे आहे?"

मिलिंदने सांगितलं. बॉनीने अक्षरांचा कागद गुडघ्यावर ठेवला. मग उरलेली गाणी त्याने मान खाली घालून ऐकली. सातव्या गाण्यात पावलांवर चरचर चरचर आवाज आला, कावळ्यांच्या नख्यांची कृपा. शिवाय घाईत मी तो तुकडा उलटा जोडला होता. पावलं मागे मागे जात होती, जणू चालणारा माणूस त्या दारापाशी परत चाललाय. मी कपाळाला हात लावला. बॉनी म्हणाला, "हे कुणी सुचवलं?"

"दादांनी," मिलिंद पटकन म्हणाला. त्या पोराचे उपकार मी विसरलेलो नाही.

बॉनी उठला. "म्हातारा मला जॉन्या म्हणायचा साला. माझं नाव जॉनी नाही, किती वेळा सांगितलं." कोटाने नाक पुसलं. कागद चार घड्या करून खिशात घातला. "नाव ठेव तुझ्याकडे. बोर्डावर दुसरं काहीतरी रंगवतील. आता परत लाव. पहिल्यापासून."

कॅसेटचं नाव 'चार मिनिटं'. किती खपली म्हणाल, तर खपण्यापेक्षा उसनी जास्त गेली. मेन स्विच पुढे दोन वर्षं चालला. मिलिंदची बदली झाली, ग्लेंडाचं लग्न झालं, हिराजी वरातींकडे परतला. अजून कधीतरी एखादा कॉलेजचा पोरगा मला शोधत येतो आणि सातव्या गाण्यातल्या उलट्या पावलांचा अर्थ विचारतो. मी त्याला एक तास अर्थ सांगतो.

कव्हरच्या आतल्या बाजूला नावं आहेत. आवाज आणि गिटार, मिलिंद. बेस, ग्लेंडा. ड्रम आणि पावलं, हिराजी. त्याखाली, शांतता, धुरीकाका, गाळा नंबर सहा. माझं नाव नाही. मी मिलिंदला विचारलं तर तो म्हणाला, "ज्याने कापली त्याचं नाव कसं घालू, दादा? आणि ज्याने जोडली त्याचं नाव घातलं, तर जोड दिसेल ना." सतरा वर्षांत माझ्या कामाची एवढी अचूक पावती मला कुणी दिली नाही.

तेराव्यानंतरच्या सकाळी सहा नंबरचं शटर वर गेलं. काकांचा मुलगा आला होता, कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर असलेला, बापाची खाकी चड्डी नसलेला. थोड्या वेळाने धाड्. माझा कप एक सूत सरकला.

त्या दिवशी माझ्याकडे एकही रेकॉर्डिंग नव्हतं. मी खुंटीवरचा ब्लाउजपीस काढला आणि दाराला लावला.

पलीकडे मुलाचा आवाज आला, "हे काय आहे?" मग जुन्या कामगाराची आरोळी, "लागलो रे ब्लाउजपीस! बंद करा!" प्रेस थांबली.

"किती वेळ?" मुलगा विचारत होता.

"चार मिनिटां."

मी पॅसेजमध्ये उभा राहिलो, सहा नंबरच्या कडेला, हात बांधून. पापडवाल्या बायकांनी बघितलं आणि त्यांनीही हातातलं काम थांबवलं. मला कुठलंच गाणं भरायचं नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, आजच सांगतोय.

शटरच्या आत मुलगा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. चार मिनिटं झाली आणि धाड्. बापाचाच पोरगा. एक सेकंद जास्त दिला नाही.